ग्रंथालयाची चॅट-संदर्भसेवा: या चुका टाळा

चॅटवर वाचक जो पहिला प्रश्न विचारतो, तो बहुतेक वेळा त्याचा खरा प्रश्न नसतो. ग्रंथालयशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्येच हे मांडलं होतं. वाचकाची गरज चार टप्प्यांतून जाते आणि ग्रंथपालापर्यंत पोचतो तो ‘यांच्याकडे काय असेल’ या अंदाजाने बेतलेला प्रश्न. काउंटरवर समोरच्याचा चेहरा पाहून हे सावरून घेता येतं, चॅटवर ती सोय नाही. म्हणूनच सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

घाईचं उत्तर

वाचक: सर शेतीवर पुस्तक आहे का
ग्रंथपाल: हो, भरपूर आहेत. ओपॅकवर ‘शेती’ टाकून बघा.

ओपॅक म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन सूची. उत्तर खोटं नाही, पण कामाचंही नाही. समजा, विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी लातूर जिल्ह्यातलं सोयाबीनचं तालुकावार क्षेत्र हवंय. ते शेतीच्या पुस्तकांत शोधण्यात अर्थ नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त पाहावं लागतं. हे कळायला तीन गोष्टी विचाराव्या लागतात: कशासाठी हवंय, इंग्रजीतलं चालेल का आणि कधीपर्यंत हवंय. त्या एकेक करून विचारा. तिन्ही एकाच मेसेजमध्ये टाकल्या, तर शेवटच्या प्रश्नाचं तेवढं उत्तर येतं. पलीकडे एफ.वाय.चा विद्यार्थी आहे की विभागप्रमुख, हे कळत नाही. म्हणून सुरुवातीपासून ‘तुम्ही’च ठेवा. वाचकाने रोमन लिपीत मराठी लिहिलं, तर त्याला शुद्धलेखन शिकवायला जाऊ नका.

‘हवं होतं ते मिळालं का?’ असं विचारल्याशिवाय चॅट बंद करू नका. खरा प्रश्न कितीदा तरी त्यानंतरच येतो.

शांतता

ग्रंथपाल कपाटापाशी पुस्तक शोधत असतो आणि इकडे वाचकाला वाटतं, माणूस निघून गेला. वेबसाइटवरच्या खिडकीत एक-दोन मिनिटं काहीच आलं नाही, की तो टॅब बंद करतो. जागेवरून उठण्याआधी ‘कपाटात बघून येतो, पाच मिनिटं लागतील’ एवढं लिहा. जास्त वेळ लागणार असेल, तर ईमेल मागून घ्या आणि उत्तर कधी मिळेल ते सांगा. लांबलचक उत्तर एकदम टाइप करत बसण्यापेक्षा दोन-दोन ओळी पाठवत राहा. आणि देवघेव काउंटरवरच्या माणसालाच चॅट सोपवू नका. सत्र परीक्षेच्या आठवड्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते.

व्हॉट्सॲपचे सापळे

छोट्या ग्रंथालयांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. ग्रुप मात्र काढू नका, त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. संगणकावर व्हॉट्सॲप वेब चालू असलं, तरी मूळ फोन १४ दिवस वापरला नाही, तर जोडलेली उपकरणं लॉगआउट होतात. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत फोन कपाटात बंद राहतो आणि परतल्यावर ‘वेब चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते. ‘अवे मेसेज’सुद्धा (आपण हजर नसताना आपोआप जाणारा निरोप) फोन इंटरनेटला जोडलेला असेल तरच जातो. त्यात ‘लवकरच संपर्क करू’ असं मोघम न लिहिता सेवेची वेळ लिहा: सोमवार ते शुक्रवार, ११ ते ५. फोन आणि सिम ग्रंथालयाच्या नावाचं हवं. कर्मचाऱ्याचा खाजगी नंबर दिला, की त्याची बदली झाल्यावर सेवाही त्याच्याबरोबर जाते.

खिडकी दिसतच नाही

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणारे चॅटच्या खिडकीचा कोड त्यातल्या ‘ओपॅकयुजरजेएस’ या सेटिंगमध्ये चिकटवतात आणि काहीच दिसत नाही. बहुतेकदा कोड स्क्रिप्ट टॅगसकट टाकलेला असतो. तिथे नुसती जावास्क्रिप्ट लागते, टॅग काढून टाका. खिडकी फक्त मुखपृष्ठावर ठेवणं हीसुद्धा चूकच. वाचक अडतो तो ओपॅकच्या ‘शून्य निकाल’ या पानावर, तिथे ती हवीच.

आणि शून्य निकाल आला म्हणून ‘पुस्तक नाही’ असं लगेच कळवू नका. एकाच लेखकाच्या काही नोंदी देवनागरीत, काही रोमनमध्ये असतात. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ हे सर्च इंजिनसाठी दोन वेगळे शब्द ठरू शकतात. जुनी नोंद युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली असेल, तर ती सापडणारच नाही. झेब्रा या सर्च इंजिनवर चालणाऱ्या कोहात देवनागरी शोध सारखा फसत असेल, तर आयसीयू इंडेक्सिंग (देवनागरीसारख्या लिपी नीट हाताळणारी सोय) चालू आहे का ते तपासायला सांगा. तोवर शीर्षक, लेखक आणि रोमन लिपी अशा तिन्ही वाटांनी शोधा.

‘लॉगिन होत नाही’

यावर लगेच नवा पासवर्ड देऊ नका. आधी स्क्रीनशॉट मागवा, ॲड्रेस बारसकट. एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेची सभासद असलेल्या महाविद्यालयांत बऱ्याचदा असं आढळतं, की विद्यार्थी गूगलवरून थेट प्रकाशकाच्या साइटवर गेलाय आणि ती पैसे मागतेय. त्याला एन-लिस्टच्या साइटवरूनच आत शिरायला सांगा. तरीही अडलं, तर त्याचं खातं महाविद्यालयाच्या ॲडमिनने सुरू केलंय का, ते पाहा. शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाबद्दल ‘प्रबंध अर्धाच आहे’ अशी तक्रार आली, तर घाबरू नका. तिथे प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात.

‘पूर्ण पुस्तकाची पीडीएफ पाठवा’

वाचक अजीजीने मागतो आणि कोणीतरी अख्खं पुस्तक स्कॅन करून पाठवतं. हे करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी अभ्यास-संशोधनासाठी रास्त वापराला वाव देतं, अख्ख्या पुस्तकाच्या वाटपाला नाही. अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा आणि कोणतं प्रकरण हवंय ते विचारा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं उलटली असतील, तर प्रश्न नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. मात्र नव्या आवृत्तीला हयात संपादकाची प्रस्तावना असेल, तर ती वगळा.

नोंदी

नॅक या महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दाखवायच्या फाइलसाठी चॅटचे स्क्रीनशॉट नावा-नंबरासकट छापून ठेवले जातात. कोण काय वाचतंय, ही वाचकाची खाजगी बाब आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर जास्तच जपायला हवं. महिनाअखेरीला नाव, नंबर, ईमेल काढून टाका आणि फक्त प्रश्न, उत्तर, वापरलेला स्रोत व लागलेला वेळ ठेवा. नुसती चॅटची संख्या मोजण्यात अर्थ नाही, कारण ‘ग्रंथालय किती वाजता उघडतं’ आणि सोयाबीनचा प्रश्न एकाच मापात बसत नाहीत. त्यासाठी उत्तर द्यायला किती कष्ट पडले ते मोजणारी सहा पायऱ्यांची ‘रीड स्केल’ वापरा: वेळेची चौकशी पहिल्या पायरीवर, अनेक दिवस खाणारं संशोधन सहाव्यावर. एकच प्रश्न महिन्यात चार-पाच वेळा आला, की त्याचं तयार उत्तर करून ठेवा आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला त्यातल्या लिंक उघडून तपासा.