सोलापूरच्या गच्चीवर डार्क, बायस आणि फ्लॅट

दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढताना कॅमेऱ्याचे दोष घालवायला तीन प्रकारच्या जादा फ्रेम घेतात: डार्क (सेन्सरच्या उष्णतेचा खोटा उजेड), बायस (सेन्सर वाचताना मुळातच येणारा आकडा) आणि फ्लॅट (धूळ आणि असमान उजेड). हबल या अवकाश दुर्बिणीच्या डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्याची सीसीडी (प्रकाश टिपणारा सेन्सर) उणे 83 अंश सेल्सियसवर चालते, तरीही लक्ष्यासमोर पृथ्वी आड आली की तो वेळ डार्क आणि बायस घेण्यात सत्कारणी लावतात. साधारण महिन्यातून एकदा सीसीडी 20 अंशांपर्यंत तापवून हॉट पिक्सेल (अंधारातही उजळ दिसणारे ठिपके) कमीही करतात. सोलापुरात मे महिन्यात रात्री दहालाही स्लॅब भाजत असतो. बिनकूलिंगच्या कॅमेऱ्याला तर ही शिस्त हवीच.

डार्कसाठी दुर्बिणीला झाकण लावा, वर काळं कापड गुंडाळा. गल्लीतला एलईडी दिवा कुठूनही शिरतो. एक्सपोजर आणि गेन (सिग्नल वाढवण्याची पातळी) फोटोइतकाच ठेवून 20 फ्रेम घ्या, त्यांचा मीडियन (प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत) काढा. सेन्सर 6-7 अंशांनी तापला की डार्क करंट (उष्णतेने अंधारातही साचणारा सिग्नल) जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे संध्याकाळचे डार्क मध्यरात्री जुळत नाहीत. निम्मे आधी, निम्मे शेवटी घ्या.

बायस म्हणजे झाकण लावून सर्वांत कमी एक्सपोजरच्या 50 फ्रेम.

खरा घोळ फ्लॅटमध्ये होतो. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणा (चादर सोलापुरी असली तरी नक्षीची नको!), संधिप्रकाशात हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मध्यावर आणा, 20 फ्रेम घ्या. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन तोच राहू द्या. मध्येच सेन्सरवरची धूळ पुसलीत तर फ्लॅट वाया; जुन्या डागांच्या जागी उजळ कडी उमटतात.

शेवटी फोटोतून डार्क वजा करा. डार्कमध्ये बायस असतोच, तो पुन्हा वजा करू नका. फ्लॅटमधून मात्र बायस काढा, सरासरी 1 वर आणा आणि त्याने फोटोला भागा.