थर्माकोल बंद, तरी पार्सल सांडणार नाही

मिसळीच्या धंद्यात खरी डोकेदुखी पार्सलची. बशीत वाढणं सोपं. उकळती तर्री घेऊन गिऱ्हाईक स्कूटरवर बसलं की भांड्याचा कस लागतो. आमचं दुकान पुण्यात, लहानसंच आहे, आणि तिथे आता थर्माकोलचा एकही द्रोण किंवा डबा नाही. थर्माकोल सोडायचा आहे, पण दुसरं काही परवडत नाही किंवा गळतं म्हणून जे अडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी कायदा, थोडक्यात. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटं, वाट्या, पेले आणि हॉटेलातून पार्सलला देतात ते डबे बंद झाले. 1 जुलै 2022 पासून थर्माकोलची ताटं, कप, पेले देशभर बंद आहेत. राज्यात दंड पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तरी माल मिळतो, आणि "सगळेच घेतात हो" असं विकणारा सांगतो. दंड तो भरणार नाही, तुम्ही भराल.

मला मात्र दंडापेक्षा पोटात काय जातं याची काळजी जास्त. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. ते ज्या स्टायरीनपासून बनतं, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2018 मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. पदार्थ जितका गरम आणि तेलकट, तितकं स्टायरीन त्यात जास्त उतरतं. आपली मिसळ दोन्ही आहे. थर्माकोल किती कच्चा असतो ते बघायचं तर संत्र्याची ताजी साल दुमडून तिचा फवारा थर्माकोलच्या तुकड्यावर उडवा आणि बोटाने चोळा. तुकडा चिकट होतो, बारीक खड्डे पडतात. सालीतलं तेल पॉलिस्टायरीन विरघळवतं. लिंबाच्या सालीतही तेच तेल असतं, आणि लिंबाची फोड आपण मिसळीसोबतच देतो. आमच्या पोऱ्यांना हे एकदा करून दाखवलं, मग समजावत बसावं लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळ्या पदार्थांना चालेल असं एकच भांडं शोधत बसू नका. थर्माकोलने ती सवय लावली. त्याऐवजी तुमच्या दुकानातून बाहेर काय काय जातं ते कागदावर लिहा आणि ओलं, तेलकट, कोरडं असं वेगळं करा. वडापाव, भजी यांना बटर पेपर किंवा साधी कागदी पिशवी पुरते. वर्तमानपत्रात मात्र बांधू नका, शाईमुळे एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, त्याला मनाई आहे. फरसाण आणि पाव कागदी पिशवीत, कांदा-लिंबू पानाच्या द्रोणात. मग खरा प्रश्न फक्त उसळ आणि तर्रीचा उरतो, आणि महाग डबा तेवढ्यालाच लागतो. खर्च आवाक्यात येतो तो असा.

तर्रीसाठी आम्ही उसाच्या चिपाडापासून बनवलेले झाकणाचे डबे घेतो. दुकानदार त्यांना बगॅसचे डबे म्हणतात. घाऊक घेण्याआधी दोन-चार नमुने मागून घ्या आणि आपल्याच रश्शाने तपासा. उकळती तर्री भरा, झाकण लावा, डबा कागदावर ठेवून अर्धा तास विसरून जा. मग उचला. कागदावर तेलाचा डाग आहे का, बूड मऊ पडलंय का, डबा तिरका केल्यावर झाकणाच्या कडेने थेंब येतो का, हे बघा. पाण्याने तपासणं फसवं, कारण पाणी जिथे थांबतं तिथूनही तेल झिरपतं. तेल झिरपू नये म्हणून काही मालात पीएफएएस नावाची, सहजासहजी न विरणारी रसायनं घालतात. ती नाहीत ना, हे लेखी विचारा. ॲल्युमिनियमचे डबेही चालतात, पण चिंचेची आमटी किंवा कोकमाची कढी त्यांत नको, आंबट पदार्थ धातूला खातो.

फसवणूक ओळखायला शिका. चकचकीत कागदी वाटी कोपऱ्यातून फाडा. आतून पातळ पापुद्रा सुटला तर ते प्लास्टिकचं अस्तर, आणि तशा मालावरही राज्याने जुलै 2022 मध्ये बंदी आणली. चंदेरी द्रोण मोडून बघा, आत पांढरे मणी दिसले तर थर्माकोलच. 'कंपोस्टेबल' लिहिलेलं प्लास्टिक असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला किंमत नाही.

आणि सगळ्यात चांगलं भांडं गिऱ्हाइकाच्या घरीच असतं. आम्ही गल्ल्याजवळ पाटी लावली: 'डबा आणा, पाच रुपये कमी द्या.' माप पळीने ठरवा, म्हणजे डबा मोठा असला तरी वाद होत नाही. डबा आत घेताना वेगळ्या ताटलीत ठेवा, पळी डब्याला टेकू न देता वरून ओता, आणि कागदी चिकटपट्टीवर नाव लिहा. डबा ओला किंवा खरकटा असेल तर सरळ सांगा, "काकू, धुऊन देते, दोन मिनिटं थांबा." कुणी रागावत नाही. सकाळी चालायला जाणारे आजोबा तर आता कडीचा डबा घेऊनच निघतात.

उरलेला थर्माकोल जाळू नका. काळा धूर होतो आणि तो शेजारच्याच घरात जातो. भंगारवालाही तो घेत नाही, कारण पोतंभर माल काट्यावर काहीच भरत नाही, वर खरकटा. न वापरलेला गठ्ठा ज्याच्याकडून घेतला त्याला परत करा, तो नाही म्हणाला तर कोरड्या कचऱ्यात वेगळा बांधून द्या. दुसऱ्या गाडीवाल्याला फुकट वाटू नका.

शेवटचं, साठवणीचं. चिपाडाचे आणि पानाचे डबे-द्रोण ओल धरतात. पावसाळ्यात थोडा थोडाच माल घ्या, गठ्ठा फळीवर, भिंतीपासून जरा दूर ठेवा, आणि बुरशीचा ठिपका दिसलेलं भांडं पुसून वापरू नका, फेकून द्या.