लांब झूम घेतली आणि पक्षी सॉफ्ट येतात? लेन्स परत करण्याआधी या चुका टाळा

नवी लेन्स हातात येऊन आठवडाही होत नाही, तोच मला प्रश्न येतो. सोबत एक फोटो असतो. दूर पाण्याच्या कडेला बगळा, पिसांचा पत्ता नाही, डोळ्याच्या जागी करडा ठिपका. खाली लिहिलेलं असतं, ‘लेन्समध्ये डिफेक्ट आहे का? परत करू का?’ मी फोटोची माहिती उघडून बघते. वेळ दुपारची, शटर १/२०० सेकंद, झूम ६०० मिमी, आणि पक्षी इतका लांब की फ्रेममध्ये तो नखाएवढा. यात लेन्सचा काय दोष?

टॅमरॉनने २०१३ च्या अखेरीस १५०-६०० मिमीची झूम लेन्स जाहीर केली, पुढच्या वर्षी सिग्माने तशाच दोन जाहीर केल्या, २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० आली. तोवर ६०० मिमी म्हणजे फार थोड्या लोकांच्या हाती असलेली गोष्ट होती. या लेन्स स्वस्त कशा, हे समजून घेतलं तर अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात. १५०-६०० लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं तोंड, ६०० मिमीला जास्तीत जास्त एफ/६.३ एवढं उघडतं. ६०० ला ६.३ ने भागा, उत्तर येतं सुमारे ९५ मिमी. एवढ्याच रुंदीतून प्रकाश आत येतो. एफ/४ असलेल्या ६०० मिमी लेन्समध्ये हाच आकडा १५० मिमी आहे. काच लहान म्हणून वजन आणि किंमत कमी, आणि म्हणूनच प्रकाशही जवळपास अडीचपट कमी. ही तूट भरून काढायचं काम आपलं आहे.

पहिली चाचणी भर उन्हात आणि लांबच्या पक्ष्यावर

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिच्यापायी दोन महिने वाया घालवले आहेत. म्हणून इथे जरा थांबते.

माझी पहिली लांब झूम आली त्या दिवशी मला दम निघाला नाही. सकाळी अकराच्या सुमारास तळ्यावर गेले. ऊन चढलं होतं, मधे वाळूचा पट्टा, आणि पलीकडे साधारण ८० मीटरवर राखी बगळा अगदी स्तब्ध उभा. ट्रायपॉड लावला, शटर १/१०००, एफ/८, सगळं पुस्तकात सांगतात तसं. तीनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर एकही धड नाही. मानेची कड विरघळल्यासारखी, चोच एका फोटोत जाड तर दुसऱ्यात बारीक.

मी थेट निष्कर्ष काढला की फोकस मागे पडतोय. डीएसएलआर (आतल्या आरशातून बघायचा कॅमेरा) होता, त्यात फोकस थोडा पुढेमागे सरकवायची सोय असते. तिथे -८ टाकलं. त्याच तळ्यावर, त्याच वेळी पुन्हा गेले. एकदोन फोटो बरे आले, म्हटलं रोग सापडला. पुढच्या आठवड्यात जवळच्या फांदीवर खंड्या बसला, तर तोही सॉफ्ट. मग लेन्स दुरुस्तीला पाठवली. तिकडून ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी लागून परत आली. मी चिडले, आणि लेन्स कपाटात गेली.

उलगडा झाला तो एका ढगाळ पहाटे. सेटिंग शून्यावर आणून ठेवली होती, सात मीटरवर कुंपणावर चिमणी बसली होती, सहज चार फोटो काढले. डोळ्यातलं प्रतिबिंब दिसत होतं. चोचीला चिकटलेला बियाण्याचा कण दिसत होता. लेन्स तीच, माणूस तोच. मधली हवा तेवढी वेगळी होती.

उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून विरळ होते आणि वर उठते. गरम आणि गार हवेच्या थरांतून जाताना प्रकाश वाकतो, आणि हे थर सतत हलत असतात. डांबरी रस्त्यावर दुपारी जे लहरताना दिसतं तेच हे. साध्या डोळ्यांना ते ८० मीटरवर जाणवत नाही, पण ६०० मिमी लेन्स ५० मिमीच्या तुलनेत सगळं बारा पट मोठं करून दाखवते, त्यात ही थरथरही आली. कितीही महागडी लेन्स आणा, ती मधली हवा पुसू शकत नाही. वाळू, खडक, रस्ता, तापलेलं छप्पर यांच्यावरून नेम धरू नका. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद ठेवा, काच पूर्ण खाली घ्या, आणि आतली व बाहेरची हवा सारखी होईपर्यंत थांबा. गार सकाळी गरम गाडीतून लेन्स बाहेर काढली की हूडच्या, म्हणजे लेन्सपुढच्या नळकांड्याच्या, आतही गरम हवा अडकून बसते. मी अशा वेळी पहिली दहा-पंधरा मिनिटं हूड काढूनच ठेवते.

आता अंतराचा हिशेब. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) ६०० मिमी लावली की २० मीटरवर फ्रेमची रुंदी १.२ मीटर भरते. १५ सेंटिमीटरचा पक्षी त्यात एक अष्टमांश जागा घेतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत म्हणजे साडेसातशे पिक्सेल. तोच पक्षी ५० मीटरवर गेला की उरतात तीनशे. तीनशे पिक्सेलमध्ये पिसं शोधायची आणि मग लेन्सला नावं ठेवायची, हे मला पटत नाही. मी लहान पक्ष्यासाठी वीस मीटरच्या पलीकडे शटर दाबतच नाही, नोंदीसाठी हवा असेल तेवढा एखादा फोटो सोडला तर. जवळ जाता येत नसेल तर बसून राहते. तासभर एका जागी हलल्याशिवाय बसलं की पक्षी आपण होऊन जवळ येतात. नव्या मंडळींना नेमकं हेच नको असतं. त्यांना आणखी लांब लेन्स हवी असते.

धूसरपणा कुठला, ते न बघता उपाय करणं

फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि धूसरपणा नीट बघा. कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या असतील तर काहीतरी हललंय, तुमचा हात किंवा पक्षी. पक्षी सॉफ्ट पण पुढचं गवत किंवा मागची फांदी शार्प असेल तर फोकस चुकलाय. आणि कुठेच काही शार्प नाही, कडा कुरतडल्यासारख्या, मागची धूसर पार्श्वभूमी खरबरीत, शिवाय एकाच बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या, प्रत्येक फोटोत पक्ष्याचा आकार किंचित बदललेला, तर ती हवा आहे. तीन वेगळे रोग आहेत, औषधंही वेगळी. मी त्या वेळी हवेच्या रोगावर फोकसचं औषध दिलं होतं.

फोकस चुकण्याचं एक साधं कारण लोक विसरतात. १० मीटरवर, एफ/६.३ ला, ६०० मिमीवर शार्प पट्टा मिळतो फक्त दहा सेंटिमीटरच्या आसपास. ५ मीटरवर तो जेमतेम अडीच सेंटिमीटर. फोकस छातीवर बसला की डोळा गेलाच. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर एकच लहान फोकस पॉइंट ठेवा आणि तो डोक्यावर नेऊन ठेवा. सगळे पॉइंट चालू ठेवून कॅमेऱ्यावर सोपवलं की तो हमखास पुढची काडी पकडतो.

आयएसओची भीती

माझा सगळ्यात जास्त जीव जातो तो इथे. आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा; तो वाढवला की फोटोत दाणे, म्हणजे नॉइज, येतात. आयएसओ ४००, शटर १/१६०, आणि खाली अभिमानाने लिहिलेलं, ‘अजिबात नॉइज नाही’. नॉइज नाही, पण पक्षीही नाही.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात थोपवतं. पक्ष्याची मान थोपवत नाही. वटवट्यासारखा चिमुकला पक्षी बसलेला असतानाही स्थिर नसतो. शेपटी हलते, डोकं झटक्यात फिरतं. बसलेल्या पक्ष्याला मी १/१००० पासून सुरुवात करते, उडत्याला १/२५०० किंवा त्याहून जास्त. कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर एफ/७.१ किंवा एफ/८, कारण या लेन्सपैकी बऱ्याच ६०० मिमीला पूर्ण उघड्या असताना किंचित सॉफ्ट असतात. आयएसओ ऑटोवर. पहिले दहा फोटो याच शटरवर घ्यायचे. पक्षी निवांत बसून आहे असं दिसलं, तरच हळूहळू १/५००, १/३२० असं खाली यायचं आणि तेव्हा बर्स्ट मोठा ठेवायचा, एखादा तरी स्थिर मिळतो. पुस्तकात ही पद्धत असेल-नसेल, मला तिने बरेच पक्षी मिळवून दिले आहेत.

आयएसओ ३२०० ची नॉइज आजची सॉफ्टवेअर छान आवरतात. हललेला पक्षी मात्र कोणीच सावरू शकत नाही. ‘एआयने शार्प करू’ म्हणणाऱ्यांनी तो फोटो मोठा करून बघावा. त्यात जी पिसं दिसतात ती पक्ष्याच्या अंगावर नव्हतीच, सॉफ्टवेअरने काढलेली आहेत. मला असा फोटो पक्ष्याचा वाटत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

जवळचा पक्षी फोकसमध्ये येतच नसेल तर आधी लेन्सच्या अंगावरचं लिमिटरचं बटण बघा. ते १० मीटरपासून पुढे असं ठेवलेलं असेल तर सहा मीटरवरचा पक्षी लेन्सला दिसणारच नाही.

लेन्सच्या पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावू नका. संरक्षणाला हूड पुरेसा आहे.

एफ/६.३ च्या लेन्सवर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी, झूम वाढवणारी जोडकाच) म्हणजे एफ/९. कित्येक डीएसएलआर तिथे फोकस करणं सोडून देतात. हा आडमार्ग घेऊ नका.

उडता पक्षी ६०० वर शोधत बसलात तर आकाशच दिसत राहील. आधी १५० वर या, पक्षी मधोमध घ्या, मग झूम करा. कावळ्यांवर आठवडाभर सराव करा, त्याला पर्याय नाही.

पांढऱ्या बगळ्याला उन्हात एक्स्पोजर कमी करा, उजळ आकाशातल्या घारीला वाढवा. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबलात तर बगळा जळतो, म्हणजे पांढराफटक होतो, आणि घार काळी पडते.

इलेक्ट्रॉनिक शटरवर पंख वाकडे दिसले तर घाबरू नका, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून तसं होतं. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटर वापरा.

दोन किलोची लेन्स लावलेला कॅमेरा बॉडीला धरून उचलू नका, सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या जोडावर, येतो. लेन्सच्या पायाला (ट्रायपॉडला जोडायच्या पट्टीला) धरा, आणि चालताना झूम लॉक करा.

घरट्याजवळ जाऊन नव्या लेन्सची चाचणी घ्यायची नाही. यावर मी वाद घालत नाही.

खरोखर दोष असेल तर

तसंही होतं, आणि ते शोधायला पक्षी लागत नाही. ढगाळ सकाळी दहा-बारा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, फ्रेम भरेल एवढी. कॅमेरा भिंतीला बरोबर समोरासमोर ठेवा. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. ६०० वर एफ/६.३ आणि एफ/८, दोन्हीचे पाच-पाच फोटो घ्या, दर वेळी फोकस नव्याने करून. मग चारही कोपरे ताडून बघा. कोपरे मध्यापेक्षा थोडे सॉफ्ट असणारच, पण चारही सारखे असायला हवेत. एकच बाजू प्रत्येक फोटोत पुसट असेल, तर आधी कॅमेरा तिरका नव्हता ना ते तपासून चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तरीही तीच बाजू पुसट राहिली तर आतली काच जागेवर नाही. मग सेटिंगशी खेळत बसू नका. परत करायची मुदत संपायच्या आत हे दहा फोटो सोबत जोडून लेन्स बदलून मागा.