घरगुती विज्ञानप्रयोग नेमके कुठे फसतात? या चुका टाळा

स्वयंपाकघरातील वस्तूंनी होणारे प्रयोग स्वस्त असतात, परंतु त्यांच्या कृती बहुधा वस्तूंची नावे देऊन थांबतात. सोडा कोणता, खिळा कशाचा, साबण कोणता हे त्यांत नसते आणि प्रयोग नेमका तिथेच अडतो. अशा वेळी घाईने पुढच्या प्रयोगाकडे वळण्यापेक्षा आधीचा का झाला नाही, हे मुलासोबत शोधणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण ते कारण बहुतेक वेळा घरातच सापडते.

फुगा फुगवण्याच्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतली जाते. तिच्यात सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असल्याने ती नुसत्या पाण्यातही फसफसते, आणि वायू आम्लामुळे तयार झाला हे दाखवण्याची संधी जाते. दुसरी चूक प्रमाणाची. एक चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम सोडा पूर्णपणे वापरला जाण्यासाठी 4 ते 5 टक्के आम्लता असलेले 75 ते 90 मिली व्हिनेगर लागते आणि त्यातून सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मिळतो. एका लिंबाच्या रसातून जेमतेम त्याचा चौथा हिस्सा. त्यामुळे लिंबू पिळून फुगा अर्धवटच उभा राहिला, तर त्यात नवल नाही. नवा फुगा आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करावा.

हळदीच्या कागदाची तक्रार वेगळीच असते: साबण लावला तरी कागद लाल होत नाही. हळदीतील कर्क्युमिन आम्लारीधर्मी पदार्थातच लाल होते. आंघोळीच्या व कपड्यांच्या साबणाच्या वड्या तशा असतात. अनेक लिक्विड हँडवॉश मात्र जवळजवळ उदासीन असतात. खाण्याच्या सोड्याचे द्रावणही सौम्य असल्याने रंग फिका तांबूस येतो. चुन्याच्या निवळीने तो झटकन गडद होतो, आणि हळद-चुन्यापासून कुंकू कसे बनते हेही मुलांना त्याच वेळी सांगता येते. फक्त चुना मोठ्यांनीच हाताळावा, कारण तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. पिवळ्या कागदावर लिंबाचा थेंब टाकून रंगबदलाची वाट पाहणे व्यर्थ आहे. कागद आधी लाल करून मग त्यावर लिंबू टाकले, तर तो पुन्हा पिवळा होताना दिसतो. हे कागद सावलीत वाळवावेत, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो.

लिंबाच्या बॅटरीवर टॉर्चचा बल्ब लावण्याचा प्रयत्न करूच नये. लिंबातून मिळणारा विद्युतप्रवाह त्यासाठी फारच कमी असतो. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खोचलेले एक लिंबू सुमारे 0.9 व्होल्ट देते, तर लाल एलईडीला सुमारे 1.8 व्होल्ट लागतात. म्हणून तीन-चार लिंबे एकापुढे एक जोडावीत आणि एलईडीचा लांब पाय मालिकेच्या शेवटी येणाऱ्या तांब्याच्या टोकाला लावावा. मोटारीतून काढलेल्या तारेवर वार्निशचा थर असतो. तो खरवडला नाही, तर जोडणी बरोबर दिसूनही काही पेटत नाही. साधा लोखंडी खिळा घेतल्यास व्होल्टेज बरेच कमी भरते. 'लिंबातून वीज निघते' असे सांगू नये: ऊर्जा जस्ताच्या रासायनिक बदलातून येते आणि लिंबाच्या रसामुळे विद्युतभार वाहू शकतो. जस्त रसात उतरत असल्याने ही लिंबे नंतर सरबतासाठी वापरू नयेत.

कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग पावसाळ्यात किंवा तेल लावलेल्या केसांवर बहुधा होत नाही. तो हिवाळ्यातील कोरड्या दुपारसाठी राखून ठेवावा.

मेणबत्ती आणि पालथ्या पेल्याचा प्रयोग मात्र सहसा फसत नाही. फसते ते त्याचे स्पष्टीकरण. ज्योत विझते, ताटलीतील पाणी पेल्यात चढते आणि मुलांना सांगितले जाते की हवेतील 21 टक्के ऑक्सिजन संपला व त्याची जागा पाण्याने घेतली. वास्तविक ज्योत विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो वापरला गेला त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार झालेली असते. पाणी चढण्याचे मुख्य कारण उष्णता आहे. पेला खाली आणताना आतली हवा तापून प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचे पाणी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. हे पडताळणे सोपे आहे. पाण्याचा मोठा भाग ज्योत जळत असताना नव्हे, तर ती विझल्यानंतर चढतो, आणि त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर ऑक्सिजन तेवढाच असूनही पाणी अधिक उंच जाते. पाण्याच्या पातळीवर पेल्याला रबरबँड लावून हा फरक मुलांना स्वतः मोजू द्यावा.

काही गोष्टींना मात्र 'करून पाहू' म्हणून हात लावू नये. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरिन वायू सुटतो. घरातील वीजजोडणीला कोणताही प्रयोग जोडू नये, आणि सोडा-व्हिनेगर घातलेल्या बाटलीला बूच लावू नये.