दिवाळीच्या सुट्टीत ऑटिझम असलेल्या मुलांसाठी खजिना शोध: या चुका टाळा

खजिना शोध म्हटला की मोठ्यांचा सगळा जोर लपवण्यावर असतो. चिठ्ठी कुठे, बक्षीस काय, पुढे जायचं कुठे, सगळंच गुपित. ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाबतीत गाडी नेमकी इथेच अडते. वस्तू खुशाल लपवा. खेळ कसा चालणार, किती वेळ चालणार आणि शेवटी काय मिळणार, हे मात्र आधीच दाखवून ठेवा. पुढचा आराखडा दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी आहे: पाच थांबे, साधारण वीस मिनिटं.

भलताच दिवस निवडणं

नरकचतुर्दशीला पहाटेची अंघोळ, उटण्याचा वास आणि खरखरीतपणा, बाहेर फटाके, घरात पाहुणे. सकाळी दहापर्यंत मुलाची सहनशक्ती संपलेली असते. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ तर नकोच. शाळेला सुट्टी लागल्यावर वसुबारसेच्या आधीचा एखादा दिवस घ्या, नाश्ता झाल्यानंतरची वेळ ठेवा. पहिल्या खेपेला सोबत एखादं भावंड पुरे. सोसायटीतली दहा मुलं बोलावली की खेळ उरत नाही, गर्दी उरते.

चिठ्ठीत कोडं घालणं

यमक जुळवलेली कोडी वाचायला मजेदार असतात, पण अनेक मुलं शब्दाचा सरळ अर्थ घेतात. ‘फ्रिजपाशी बघ’ असं लिहिलं तर मूल फ्रिजपाशी जातं, बघतं आणि उभं राहतं. त्याचं काही चुकलेलं नाही, सांगितलं तेवढं त्यानं केलं. चिठ्ठीत कृती लिहा: ‘फ्रिजचं दार उघड. खालच्या कप्प्यातली लाल पिशवी काढ.’ दोन वाक्यं, प्रत्येकात एकच काम.

पाचही थांब्यांवर पिशवी एकसारखी हवी: त्याच रंगाची, त्याच आकाराची. म्हणजे काय शोधायचं हा प्रश्न एकदाच सुटतो. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे टाळा. बोटांत जोर कमी असलेलं मूल झाकणाशी झटापट करून तिथेच वैतागतं. वेल्क्रोचा फर्रकन होणारा आवाजही काहींना सहन होत नाही. नाडीची कापडी पिशवी बरी. दोन मुलं असतील तर एकाच्या पिशव्या लाल, दुसऱ्याच्या निळ्या, आणि थांबेही वेगळे. ‘कोण आधी’ हा प्रश्नच काढून टाका.

जुने फोटो वापरणं

वाचता न येणाऱ्या मुलासाठी चिठ्ठीऐवजी जागेचा फोटो देतात. कल्पना उत्तम, पण फोटो बहुधा महिनाभरापूर्वीचा असतो आणि मध्ये दिवाळीची साफसफाई होऊन गेलेली असते. फोटोत सोफ्यावर हिरवं कव्हर आहे, आज तिथे नवं मरून रंगाचं आहे. आपल्याला सोफा दिसतो. बारीकसारीक तपशिलावर नजर ठरणाऱ्या मुलाला ती जागाच वेगळी वाटते. हातात कार्ड धरून ते सोफ्यासमोरच घुटमळतं आणि घरचे म्हणतात, याला खेळ कळलाच नाही. त्यामुळे फोटो आदल्या संध्याकाळी काढा, सगळं आवरून झाल्यावर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. चौकटीत एकच वस्तू ठेवा. पोस्टकार्डाएवढी प्रिंट साध्या कागदावर काढून पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड पडला की चित्र दिसत नाही, आणि काही मुलं त्या चमकण्यातच रमतात.

शेवट न दाखवणं

पुठ्ठ्याच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे पाच थांब्यांचे छोटे फोटो लावा, सहावा फोटो बक्षिसाचा आणि सातवा खेळानंतर जे होणार त्याचा, मग ते पोहे असोत की झोपाळा. थांबा झाला की मुलानं त्याचा फोटो पट्टीवरून काढून ‘झालं’ लिहिलेल्या पाकिटात टाकायचा. किती उरलंय हे त्याला न विचारता दिसतं. तीन दिवस आधी पट्टी दाखवा आणि दोनच थांब्यांची तालीम घ्या.

मुलाची आवड पट्टीतच घाला. लोकलचं वेड असेल तर थांब्यांना स्टेशनांची नावं द्या: ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग. फक्त क्रम तपासून घ्या. नाहूर गाळलंत तर खेळ मुलुंडलाच थांबेल.

चारी बाजूंनी मदत

आजी म्हणते तिकडे बघ, मामा म्हणतो गरम-गरम, ताई बोट दाखवते. ऐकलेलं समजून घ्यायला वेळ लागणाऱ्या मुलासाठी हा नुसता गोंगाट. बोलणारी व्यक्ती एकच ठेवा, तीही मुलाच्या मागे किंवा बाजूला. मूल अडलं तर मनात दहा आकडे मोजा. मग कार्डावर टिचकी मारा. तरीही नाही, तर जागेकडे बोट दाखवा, आणि शेवटी सोबत चालत जा. पिशवीला हात मात्र मुलाचाच लागला पाहिजे. न बोलणाऱ्या मुलाच्या संवादाच्या ॲपमध्ये किंवा कार्डांत ‘सापडलं’, ‘मदत’, ‘नको’ आणि ‘झालं’ आधीच घालून ठेवा. ‘नको’ विसरला जातो, आणि वेळेला लागतो तोच.

बक्षीस एकदम शेवटी

पाच थांबे हिंडून एक चॉकलेट, हा सौदा पुष्कळ मुलांना पटत नाही. प्रत्येक थांब्यावर काहीतरी हाती लागू द्या. घरी किल्ला करत असाल तर काम सोपं आहे: दर पिशवीत एक मावळा आणि शेवटी सिंहासनावरचे महाराज. ओल्या मातीचा स्पर्श नको वाटणाऱ्या मुलाला किल्ल्यावर मावळे मांडायचं काम मिळतं. आकड्यांची आवड असेल तर तीन आकडी कुलपाची पेटी घ्या, तीन थांबे ठेवा आणि प्रत्येक पिशवीत एक आकडा घाला.

बक्षिसाची जागा आधीच कळल्यामुळे मूल थेट तिकडे धावत असेल तर त्याला लबाडी म्हणू नका, मार्ग त्यानं बरोबर काढलाय. शेवटची पिशवी चौथा थांबा होईपर्यंत स्वतःच्या खांद्यावर ठेवा.

धोक्याच्या जागा

इथे सूट नाही. जी जागा एकदा खेळात आली ती मुलासाठी कायमची उघडी होते. त्यामुळे गॅसजवळ, औषधांच्या कपाटात, बाल्कनीच्या कठड्याशी किंवा पाहुण्यांच्या पर्समध्ये काही ठेवू नका. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलासाठी मावळेही नकोत, चार सेंटिमीटरपेक्षा लहान काहीच नको. सजावटीच्या बॅटरीवरच्या पणत्यांमध्ये बहुधा बटण सेल असतात. असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. सोसायटीच्या आवारात खेळायचं असेल तर पाण्याच्या टाकीची झाकणं बंद आहेत का ते आधी बघा. फाटकावर एक मोठं माणूस उभं करा. त्याला दुसरं काम नको, मोबाइलही नको.

मध्येच बिनसलं तर

मूल कानांवर हात ठेवतं, खाली बसतं, कार्ड फेकतं. ‘अरे, एकच राहिलाय’ म्हणून ओढू नका. हा हट्ट नाही, त्याला आता सोसवत नाहीये. बोलणं थांबवा, बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा, दिवे कमी करा. जवळ घेतलेलं त्याला आवडत असेल तरच जवळ घ्या. व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाइल आधी खिशात. शांत झाल्यावर पट्टी समोर धरा. अर्धवट राहिलेलं काही मुलांना बोचतं, त्यांना उरलेला एक थांबा संथपणे करू द्या. काहींना सुटका हवी असते. उरलेले फोटो त्यांच्यासमोर पाकिटात टाका आणि सातव्या फोटोकडे वळा. किती थांबे झाले यावरून बक्षीस कापू नका.

दुसऱ्या दिवशी

मूल पुन्हा फ्रिज उघडून लाल पिशवी शोधेल. रागावण्यापेक्षा पट्टीवर पुढचा खेळ कुठल्या दिवशी हे दाखवणारं कार्ड लावा आणि लाल पिशव्या नजरेआड ठेवा. त्याच जागा, तोच क्रम, तेच मावळे हवेत असा आग्रह झाला तर तसंच खेळा. बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच थांबा बदला, आणि त्याचा नवा फोटो आदल्या दिवशी पट्टीवर लावा.