बॅटरी रात्रीत उतरते? हेडलाइटच्या टायमरला फाशी देण्याआधी हे मोजा

गाडी बंद करून, कुलूप लावून तुम्ही जिन्याकडे निघता आणि हेडलाइट मागे अर्धा मिनिट चालूच राहतात. ज्याच्या गाडीची बॅटरी उतरते, त्याचा पहिला संशय या टायमरवर. दिवे डोळ्यांना दिसतात ना! शेजारी सांगतो, गॅरेजवाला सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर तर सगळेच सांगतात: 'ते ऑटो लाइट बंद करा, बॅटरी खातात.' मीही हे ऐकलं, टायमर बंद केला, एक रिले (हेडलाइटला वीज देणारा आपोआप चालणारा स्विच) बदलला आणि शेवटी नवी बॅटरीही घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर सापडला तो नंतर, सव्वाशे-दीडशे रुपयांची वायर आणि व्होल्ट-अँपिअर मोजणारं एक मल्टिमीटर हातात घेतल्यावर.

आधी हिशेब. साध्या हॅलोजन गाडीत खालच्या बीमचे दोन बल्ब 55-55 वॅटचे. पुढचे-मागचे पार्किंगचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा धरून साधारण 135 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 11 अँपिअर. अर्ध्या मिनिटात खर्च होतो 0.09 अँपिअर-तास. लहान हॅचबॅकची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते. त्याचा हा पाव टक्का. सेल्फ मारताना मोटर दोन सेकंद दीडशे अँपिअर ओढते, तोही खर्च जवळपास एवढाच. म्हणजे एकदा टायमर लागणं आणि एकदा सेल्फ मारणं सारखंच. एलईडी दिवे असतील तर टायमरचा खर्च याच्या निम्म्याहूनही कमी.

गाडी नुसती उभी असतानाही काहीतरी खातच असते: रिमोटचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, संगणकांची स्मृती. हा प्रवाह 20 ते 50 मिलिअँपिअर असणं निरोगी. 35 धरा, तरी चोवीस तासांत 0.84 अँपिअर-तास होतात. दिवसातून नऊ वेळा टायमर लावा, तेव्हा कुठे तो या मुक्या खर्चाला गाठेल.

टायमर दोषी ठरतो अशा काही गाड्या असतात, नाही असं नाही. दिवसातून सहा वेळा एक-एक किलोमीटर, शाळा, भाजी, पुन्हा शाळा, वर एसी आणि वायपर, आणि दर वेळी तीन मिनिटांचा टायमर. अशा गाडीला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, जे देतो त्याहून जास्त जातं. काही गाड्यांत स्टिअरिंगजवळची दिव्यांची दांडी ओढून टायमरची वेळ वाढते. रांजणगावला बनलेल्या फियाटच्या लिनिया-पुंतोत एका ओढीला 30 सेकंद, अशी 210 सेकंदांपर्यंत. मुलांच्या हाती ती दांडी लागली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. आणि एक गंमत: ऑटो लाइटचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर काचेजवळ असतो. त्यावर नक्षीचा रुमाल पसरला किंवा गणपती बसवला, तर गाडीला भर दुपारी रात्र वाटते आणि प्रत्येक बंद करण्याला टायमर लागतो. बाप्पाला चार बोटं बाजूला सरकवा.

तर मोजायचं कसं.

बॅटरी आधी तपासा. आदल्या रात्री बॉनेटची खिट्टी सोडून ठेवा, म्हणजे सकाळी दार न उघडता, गाडी न जागवता मोजता येईल. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 ठीक, 12.2 म्हणजे निम्मी, 12 म्हणजे संपत आलेली. इंजिन चालू करून 13.8 ते 14.5 दिसले तर अल्टरनेटर ठीक. बॅटरी चार वर्षांची असेल आणि गाडी विदर्भाच्या उन्हात उभी राहत असेल, तर पुढचं काही न करता दुकानात लोड टेस्टर लावून घ्या. उष्णता बॅटरीला जेवढी मारते तेवढा कोणताही टायमर मारत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन टाका.

बॅटरी धडधाकट आहे आणि तरी दोन-तीन दिवसांत गाडी मुकी होते, असं असेल तरच पुढे या. इथे माझी तीन वेळा फजिती झाली, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सगळे सांगतात: निगेटिव्ह टर्मिनल काढा, मधे मीटर लावा, आकडा वाचा. मी तेच केलं. आकडा आला 2.8 अँपिअर. छातीत धस्स झालं. हेडलाइटचा रिले अडकलाय असं ठरवून तो बदलून घेतला. पुन्हा मोजलं, पुन्हा 2.8. मग बॅटरी बदलली. अर्थातच काही फरक नाही. गाडी जागी होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता. टर्मिनल काढून पुन्हा जोडलं की गाडीतले सगळे संगणक दचकून उठतात आणि झोपायला वीस मिनिटं ते तास घेतात. तेवढ्या वेळात तुम्ही जे काही मोजाल ते निरर्थक. हे एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर माझे काही हजार वाचले असते.

दुसऱ्या खेपेला मी थांबलो. चाळीस मिनिटं बॉनेटशेजारी स्टुलावर बसलो, चहा झाला, आकडा हळूहळू खाली आला. तेवढ्यात सवयीने खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं. माझी गाडी रिमोटला दिवे पेटवून उत्तर देते. 11 अँपिअर मीटरमधून धावले आणि आतून एक बारीकसा 'टिक' आला. मीटरचा फ्यूज गेला. माझ्या मीटरला फ्यूज होता म्हणून निभावलं. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर 10 अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं असतं, तिथे फ्यूज नाही, मीटरच जळतं. म्हणून मोजायच्या दिवशी टायमर, ऑटो लाइट, रिमोटला उत्तर देणारे दिवे, सगळं मेन्यूतून बंद. दिव्यांचा स्विच 'ऑफ'वर. चावी घरात, आणि बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी आतल्या खोलीत. एक काच खाली. बॅटरी जोडताना काही गाड्या आपणहून लॉक होतात.

आता खरी युक्ती. घरच्या वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची हातभर वायर घ्या, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. चालकाचं दार उघडं ठेवा, पण दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल आणि पुढे फ्यूजपेटीपर्यंत हात पोहोचेल. बॉनेटला स्विच असेल तर तोही दाबून चिकटपट्टी लावा. दहाच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनलचा बोल्ट सैल करा, पण टर्मिनल अजून उचलू नका. वायरचं एक टोक टर्मिनलच्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या खुंटाच्या मुळाशी लावा. मगच टर्मिनल उचला. वीज वायरमधून वाहत राहिली, गाडीला काही कळलंच नाही. घड्याळ चुकत नाही, स्टिरिओ कोड मागत नाही. पॉझिटिव्हला हात लावायचा नाही. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत निगेटिव्हवर एक चौकोनी सेन्सर बसवलेला असतो, त्याला ओढाताण करू नका.

या वायरला समांतर मीटर लावा: तांबडी पिन 10 अँपिअरच्या भोकात, तांबडं टोक टर्मिनलला, काळं खुंटाला. सुटायला नको म्हणून दोन्हींना क्लिपच हव्यात. मग घरात जा. एक तास. नुसतं बघायलाही खाली येऊ नका, कारण तुम्ही दाराला हात लावलाच तर तास पुन्हा शून्यापासून. तासानंतर हळूच वायरचं एक टोक काढा. आता सगळा प्रवाह मीटरमधून जातोय आणि हा आकडा खरा. मधेच काही उघडायचं असेल तर आधी वायर परत लावायची. आणि वायर किंवा मीटर मधे असताना इग्निशन फिरवायचं नाही, सेल्फ तर स्वप्नातही नाही. दीडशे अँपिअरला ती वायर काही सेकंदांत चटका बसण्याइतकी तापेल.

0.05च्या आत आकडा असेल तर गाडी निर्दोष. तुम्ही ती वापरतच नाही, हा तुमचा रोग. आठवड्यातून एकदा अर्धा तास पळवा. मला आला 0.31. रोजचे साडेसात अँपिअर-तास. 35च्या बॅटरीचं निम्मं रक्त अडीच दिवसांत. शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी का रडत होती, ते तिथेच उलगडलं.

पुढचं शोधकाम सोपं, पण इथेही एक चुकीचा सल्ला फिरतो: एकेक फ्यूज उपटा आणि आकडा कधी पडतो ते पाहा. फ्यूज उपटून परत लावला की त्याच्यामागचा संगणक पुन्हा जागा. त्यापेक्षा आधी वायर परत लावून, मग मीटर सोडवून, तांबडी पिन व्होल्टच्या भोकात घालून तेच मीटर 200 मिलिव्होल्टवर घ्या. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर दोन टोकं टेकवा. प्रवाह वाहत नसेल तर शून्य. 10 अँपिअरच्या तांबड्या फ्यूजवर 1 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 130 मिलिअँपिअर. पेटीतले तीस फ्यूज दहा मिनिटांत होतात.

माझ्या पेटीत 2.3 मिलिव्होल्ट दाखवणारा एकच फ्यूज होता. त्याच्या पायाला कोणीतरी एक पातळ काळी वायर वेटोळून आत खोचली होती. वायर धरून वर गेलो तर थेट डॅशकॅमला. बसवणाऱ्याने तो इग्निशनच्या फ्यूजला जोडायचा सोडून कायम चालू फ्यूजला जोडला होता आणि कॅमेरा रात्रभर भिंतीचं चित्रण करत होता. इतर नेहमीचे गुन्हेगार सांगतो: डिक्कीचा न विझणारा दिवा (5 वॅट म्हणजे रोजचे 10 अँपिअर-तास), बाहेरचा स्टिरिओ, गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात त्या सॉकेटमध्ये खोचून विसरलेलं जीपीएस यंत्र. दिवा पकडायला मोबाइल व्हिडिओवर ठेवून डिक्कीत टाका आणि झाकण लावा.

काम संपल्यावर टर्मिनल घट्ट करा, मग वायर काढा. आणि मीटर डब्यात टाकण्याआधी तांबडी पिन 10 अँपिअरच्या भोकात असेल तर काढून व्होल्टच्या भोकात घाला. आत्ता, विसरण्याआधी. ती तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट आहे. माझ्या मीटरच्या काळ्या टोकाला जो अर्धगोल खड्डा पडलाय, तो तिसऱ्या फजितीचा.

डॅशकॅम मी इग्निशनच्या फ्यूजवर घेतला, मोजलं, 0.03 आलं. टायमर पुन्हा चालू केला, 30 सेकंदांवर. जिन्याखालचा दिवा सोसायटीने अजून बदललेला नाही.