मे महिन्यात बाली: निघायच्या आधी काय काय करून ठेवायचं

आम्ही मे मध्ये परत बालीला जातोय, या वेळी सात जण, त्यात सासूबाई आहेत आणि दादाचा अकरा वर्षांचा मुलगा पण, आणि घरच्या ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंय की थंडी असते का, पैसे किती न्यायचे, खायला काय मिळतं. म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढते, बेळगाव-खानापूरकडच्या आणखी कुणाला जायचं असेल तर त्यांनाही होईल. आम्हाला बघायचेत ते ज्वालामुखी, जंगल, पक्षी आणि समुद्राखालचं जग, त्यामुळे यादीपण त्याच हिशोबाची आहे, शॉपिंग आणि बीच क्लबचं मला विचारू नका.

आधी तारखा. बाली विषुववृत्ताच्या खाली, साधारण ८ अंश दक्षिणेला, म्हणून पावसाचं गणित आपल्या उलटं, नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. आपल्या कणकुंबीत धो धो लागलेला असतो तेव्हा तिकडं आभाळ मोकळं. जुलै-ऑगस्टला गर्दी फार, तिकीटपण चढतं. मे बरा पडतो कारण पोरांना सुट्टी असते, तिकडचा पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळं धबधबे भरलेले आणि डोंगर हिरवेगार, आणि वीस तारखेच्या आत परत आलो की धूळवाफ पेरणीला दादा शेतात हजर. मार्चचा विचार असेल तर न्येपी बघून घ्या. हा त्यांचा नवीन वर्षाचा दिवस, शक संवतच चालतं त्यांचं, आपला पाडवा येतो त्याच सुमाराला येतो, २०२६ मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच. त्या दिवशी अख्खं बेट गप्प, दिवे नाहीत, रस्त्यावर कोणी नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. ज्यांना तो अंधार आणि ते आकाश बघायचंय त्यांनी मुद्दाम जावं, पण त्या दिवसाचं तिकीट काढून बसू नये.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती. प्लॅनमध्ये दोन दिवस रिकामे ठेवा, शेवटाकडे. हे बेट ज्वालामुखीनं बनलेलं आहे आणि ते काम अजून थांबलेलं नाही. तीन हजार मीटरहून उंच आगुंग १९६३ ला फुटला तेव्हा हजाराहून जास्त माणसं गेली, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये परत जागा झाला आणि राखेमुळं विमानतळ बंद ठेवावा लागला. राख म्हणजे आपल्या चुलीतली नव्हे, दगडाची बारीक भुकटी असते ती, विमानाच्या इंजिनात वितळून चिकटते. बरं, बालीतलाच डोंगर फुटायला पाहिजे असंही नाही, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीची राख आली तरी बालीची विमानं रद्द झाली. म्हणून परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा, ऑपरेशनची तारीख असलं काही ठेवू नका. आमच्या भावोजींनी सोमवारी सकाळी हजर होतो म्हणून ऑफिसात सांगून ठेवलंय, त्यांनी कृपा करून ते बुधवार करावं.

याच्याच जोडीला इन्शुरन्स. पॉलिसी वाचताना दोन ठिकाणी थांबायचं, ज्वालामुखीमुळं फ्लाइट रद्द झाली तर हॉटेलचा खर्च देतात का, आणि डोंगरावरून किंवा बेटावरून पेशंटला हलवायची सोय आहे का. आणि ही पॉलिसी तिकिटाबरोबरच काढा, कारण एकदा बातमी आली की अमुक डोंगर धुमसतोय, की त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत तो डोंगर सहसा धरत नाहीत.

इंडोनेशियात ज्वालामुखीच्या इशाऱ्याचे चार टप्पे आहेत, सगळ्यांनी पाठ करा, नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. आवास म्हटलं तर आपल्याला घर आठवतं पण तिथं तो सगळ्यात वरचा धोक्याचा टप्पा आहे. त्यांचं सरकारी ज्वालामुखी खातं रोज हे टप्पे ऑनलाइन टाकतं, डोंगरापासून किती किलोमीटर लांब राहायचं तेपण असतं. निघायच्या आठ दिवस आधीपासून रोज बघायचं, तिथं गेल्यावर आदल्या संध्याकाळी बघायचं, आणि बंद म्हटलं की बंद, एखादा गाइड कमी पैशात दुसऱ्या वाटेनं नेतो म्हणाला तरी नाही.

कागदपत्रं पटकन सांगते. पासपोर्ट उतरायच्या तारखेपासून पुढं सहा महिने चालू पाहिजे, सासूबाईंचा काढून बघा म्हणून तीनदा सांगितलंय. आपल्याला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, तीस दिवसांचा, ५ लाख रुपिया, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीपासून बालीचा वेगळा टुरिस्ट कर सुरू झालाय, माणशी दीड लाख रुपिया, आम्ही २०२३ ला गेलो तेव्हा हा नव्हता. लाखाचे आकडे बघून घाबरू नका, त्यांची एक लाखाची नोट म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये. परतीचं तिकीट प्रिंट काढून जवळ ठेवा. जायचं कसं, तर राणी चन्नम्मानं बेंगळुरू आणि तिथनं थेट विमान. कनेक्शनला एक अख्खा दिवस मध्ये सोडा, ट्रेन लेट झाली म्हणून विमान गेलं असं होऊ नये. तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास.

राहायचं कुठं यावर आमच्यात भरपूर वाद झाला. माझं मत, दक्षिणेकडची गर्दी सोडून द्या आणि चारच मुक्काम करा. वर डोंगरात मुंडुक, जिथं धबधबे आणि तांब्लिंगन, बुयान ही तळी आहेत, मग बातुर ज्वालामुखीच्या भल्यामोठ्या खळग्याच्या काठावर किंतामणी, मग पूर्वेचा आमेद-तुलांबेनचा काळा किनारा, आणि वायव्येला पेमुतेरन, कारण पश्चिम बाली नॅशनल पार्क तिथनं जवळ. नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं पण रस्ते चोर्ला घाटासारखे वळणावळणाचे, पंचवीस किलोमीटरला एक तास धरा म्हणजे चिडचिड होत नाही. गाडी ड्रायव्हरसकट घ्या. स्कूटर घ्यायचीच असेल तर इंटरनॅशनल परमिट आधी आरटीओतून काढा, त्यावर दुचाकी आहे का बघा, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

बातुर चढायचा म्हणजे रात्री दोनला उठणं. डोंगर १,७१७ मीटर उंच, पायथ्याच्या तळ्यापासून साधारण सातशे मीटर चढ, दोन तास लागतात, वरच्या टप्प्यात वाळूसारखा सैल खडा आहे, एक पाऊल पुढं टाकलं की अर्धं मागं घसरतं. याची तयारी आत्तापासून. आम्ही दर रविवारी राजहंसगड करतोय, दोनदा वर-खाली, आणि महिन्यातून एकदा देवरवाडीचा वैजनाथ. सासूबाई वर येणार नाहीत, त्या काठावरूनच सूर्योदय बघतील आणि तिथूनही तळं, काळा लाव्हा, मागं आगुंग, सगळं दिसतं. गेल्या वेळी मी एका टीशर्टवर गेले होते, विषुववृत्ताजवळ कसली थंडी म्हणून, आणि वर वाऱ्यात घामानं भिजलेलं सुती कापड अंगाला चिकटून दात वाजायला लागले, सूर्य उगवला तरी माझं लक्ष फक्त गाइडच्या चहाकडं. म्हणून प्रत्येकाला एक विंडचीटर, एक कोरडा सुका टीशर्ट वेगळ्या पिशवीत, डोक्याला बांधायची बॅटरी (मोबाइलची नको, हात मोकळे पाहिजेत), पकड असलेले बूट आणि दीड लिटर पाणी. वर जमिनीतून गरम वाफ येते, गाइड त्यावर अंडी उकडून देतात. पोराला तिथं एकटं सोडू नका, वाफ दिसते त्यापेक्षा भाजते. दमा असेल तर इन्हेलर खिशात, बॅगेत नव्हे, आणि एक चांगला मास्क.

दादाच्या मुलाला जायच्या आधी एक सांगून ठेवलंय मी, की आपल्या राजहंसगडाखालचा काळा दगडपण लाव्हाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. फक्त आपला लाव्हा जमिनीच्या भेगांमधून पातळ होऊन पसरत गेला, थरावर थर, आणि बालीचं वेगळं, तिथं समुद्राचा तळ बेटाखाली सरकत जातो, त्याच्याबरोबर पाणी खाली जातं, म्हणून तिथला रस घट्ट आणि वायूनं भरलेला आणि तो फुटतो. घरातनं दगडाचा एक तुकडा घेऊन चाललाय तो, बातुरच्या दगडाशेजारी धरून फोटो काढणार म्हणे. तिथला दगड मात्र परत आणायचा नाही, शंख आणि पोवळंपण नाही. १९२६ च्या लाव्हात खालचं बातुर गाव आणि देऊळ गेलं आणि गावानं देव वर काठावर नेऊन परत बसवला, तिथं जाऊन या नक्की.

समुद्राची तयारी वेगळी. आपल्याकडं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, आपल्याला वाटतं पोहता येतं. विहिरीत ओढ नसते. म्हणून महिनाभर टँकवर जाऊन स्नॉर्कलचा मास्क लावून तोंडानं श्वास घ्यायची सवय करा, मास्क स्वतःचा घ्या, आत पाणी शिरणारा भाड्याचा मास्क अख्खी सकाळ घालवतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना, माझ्यासकट. तुलांबेनला किनाऱ्यावर वाळू नाही, मोठे गोल काळे गोटे आहेत, त्यामुळं रबरी तळव्याचे पाण्यातले शूज पाहिजेतच. तिथं किनाऱ्यापासून जेमतेम तीसेक मीटरवर लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज बुडालेलं आहे, १९४२ ला जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, ओढत आणून किनाऱ्याला लावलं, तिथं वीस वर्षं पडून होतं आणि १९६३ च्या आगुंगच्या हादऱ्यांनी ते पाण्यात सरकलं. आता त्यावर पोवळी वाढलीत आणि वरचा भाग पाच-सहा मीटरवरच असल्यानं नुसतं वरून तरंगतपण दिसतं. मला वाटतं सगळ्या बेटाची गोष्ट त्या एका जागी कळते. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं घ्या, ऑक्सिबेंझोन असलेलं पोवळ्याला वाईट, त्याहून बरं म्हणजे पूर्ण बाहीचा पोहायचा टीशर्ट. पोवळ्यावर उभं राहायचं नाही, थकलात तरी नाही, उताणं व्हा आणि तरंगा.

पक्ष्यांसाठी दुर्बीण, भीमगडला नेतो तीच चालते. पश्चिमेच्या नॅशनल पार्कात बाली मैना आहे, आपल्या साळुंकीची बहीण म्हणा, अख्खी पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती निळी कातडी. जगात रानातली ही फक्त बालीत, आणि पिंजऱ्यासाठी इतकी धरली की २००१ च्या आसपास जंगलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. नंतर पिंजऱ्यात वाढवलेली परत सोडत गेले. पार्कात वनखात्याचा गाइड घेऊनच जायचं, सकाळी लवकर, कपडे मातकट रंगाचे. आणि पूर्व किनाऱ्यावरून समोर लोंबोक दिसलं की थांबा जरा, मधला दर्या ३५ किलोमीटर, पण वॉलेस नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १८५६ ला तो ओलांडला आणि त्याच्या लक्षात आलं की पलीकडचे पक्षीच वेगळे, काकाकुवे वगैरे ऑस्ट्रेलियाकडचे. मधला समुद्र इतका खोल की हिमयुगात पाणी उतरलं तरी जमीन उघडी पडली नाही.

औषधांत ओआरएस, डासांचं मलम (डेंग्यू आहे), पोटाच्या गोळ्या, आणि नळाचं पाणी दात घासायलासुद्धा नको. माकडांना खाऊ घालायचं नाही, कुत्र्यांना हात लावायचा नाही, तिथं २००८ पासून रेबीज आहे. चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना, परत आल्यावर बघू म्हणायचं नाही.

खाण्याचं, सासूबाई शाकाहारी आहेत म्हणून नीट लिहिते. टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भाज्या, भात भरपूर मिळतं पण चटणीत तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, दिसत नाही, म्हणून तान्पा तेरासी म्हणायचं, तान्पा म्हणजे शिवाय. भाषा अवघड नाही, भूमीला बुमी म्हणतात, गुळाच्या शब्दावरून साखरेला गुला म्हणतात, सासूबाईंना सगळ्यात आधी हेच पाठ झालं. बरोबर शेंगाचटणी, चिरमुरे आणि गोकाकचं करदंट न्या. कुंदा नको, दुधाचा आहे, उन्हात टिकत नाही. ताजी फळं, बिया, रोपं काहीच न्यायचं नाही. जातिलुविहची भातखाचरं बघायला बेळगाव बासमती पिकवणाऱ्यांनी तर जावंच, तिथं पाण्याची पाळी गावकरी मिळून देवळात ठरवतात, सुबाक म्हणतात त्याला, हजारेक वर्षांची पद्धत. पण बांधावरून चालताना कुणाचं पीक तुडवू नका, ती कुणाची तरी रोजची भाकरी आहे.

देवळासाठी प्रत्येकाला एक लुंगी किंवा सारोंग आणि कमरेला बांधायला कापड. पाळीच्या दिवसांत आत येऊ नये अशी पाटी बऱ्याच देवळांत असते, मुलींनी तारखा आधी बघून ठेवा म्हणजे त्या दिवशी तळ्याकडं जाता येईल. रस्त्यावर पानात फुलं-तांदूळ ठेवलेले असतात तो नैवेद्य आहे, पाय लागू देऊ नका.

राहिलेलं, कापडी पिशव्या आणि स्टीलच्या बाटल्या (प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथं २०१९ पासून बंदी आहे), गोल दोन पिनांचा चार्जर, आपली तीन पिनांची बसत नाही, एक पाणी न शिरणारी पिशवी मोबाइलसाठी, आणि इशाऱ्याचे चार टप्पे, दवाखाना आणि इन्शुरन्सचा नंबर असा एक कागद प्रत्येकाच्या खिशात, मी सात प्रती काढून ठेवते. दादा, तुझा पासपोर्टचा फोटो अजून आला नाहीये, रविवारी राजहंसगडाला येताना घेऊन ये.